खासगी पैसा, सार्वजनिक काम: सही झाल्यानंतरची पंचवीस वर्षे

२९ जानेवारी २०१६ रोजी सकाळी स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिनबरा शहरात, ‘गर्ट्रूड’ नावाच्या वादळात ऑक्सगँग्स प्राथमिक शाळेची एक भिंत कोसळली. सुमारे नऊ टन विटा खाली आल्या. शाळा भरायची वेळ अजून झाली नव्हती, म्हणून कोणाला इजा झाली नाही. तासा-दोन तासांचा फरक पडला असता, तर ही बातमी वेगळ्याच कारणासाठी जगभर गेली असती. इमारत जेमतेम अकरा वर्षांची होती आणि तेवढ्या वयाच्या इमारतीची भिंत वाऱ्याने पडणे हे कोणत्याही अभियंत्याला पटणारे नव्हते. तपासणी वाढत गेली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शहरातल्या १७ शाळा बंद कराव्या लागल्या. सात हजारांहून अधिक मुलांची सोय इतरत्र करावी लागली.

या १७ शाळांना जोडणारा धागा म्हणजे एक करार. नगर परिषदेने त्या स्वतः पैसे घालून बांधल्या नव्हत्या. एका खासगी कंपनीने कर्ज काढून त्या बांधायच्या किंवा दुरुस्त करायच्या, पुढची कित्येक वर्षे त्यांची देखभाल करायची आणि त्या बदल्यात परिषदेने कंपनीला ठरलेली रक्कम देत राहायची, अशी ती व्यवस्था होती. वास्तुविशारद जॉन कोल यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१७ मध्ये आला. ब्रिटनमध्ये बाहेरची भिंत दोन पदरी असते: आत एक, बाहेर एक आणि मध्ये पोकळी. ही दोन पदरे धातूच्या लहान पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेली असतात आणि त्या पट्टीचे टोक बाहेरच्या पदरातल्या मसाल्यात पुरेसे खोल, साधारण ५० मिलिमीटर तरी, रुतलेले असावे लागते. ऑक्सगँग्सला अनेक पट्ट्या नीट रुतल्याच नव्हत्या. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. गवंडी वीट लावत असताना जो शेजारी उभा असेल, त्यालाच ते दिसते.

त्या वेळी शेजारी कोण उभे होते, हा खरा प्रश्न. जुन्या पद्धतीत मालकाच्या वतीने कामावर रोज हजर राहणारा एक देखरेखनीस असे. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याचा कनिष्ठ अभियंता किंवा मुरलेला मिस्त्री जे काम करतो, तेच त्याचे काम. नव्या पद्धतीत परिषदेला वाटले की, दर्जाची जोखीम आता कंपनीची आहे. कंपनीने ती बांधकाम ठेकेदाराकडे सोपवली, ठेकेदाराने उपठेकेदाराकडे, आणि या साखळीत प्रत्येक जण कागदावर सुरक्षित असताना भिंत मात्र असुरक्षित राहिली. कोल यांचे मत येथे नीट समजून घेण्यासारखे आहे. खासगी पैसा वापरला म्हणून भिंत पडली, असे त्यांनी म्हटले नाही. पण ही पद्धत ज्या रीतीने राबवली गेली, तिच्यामुळे निकृष्ट कामाचा धोका वाढला, असे त्यांनी म्हटले.

खासगी पैशातून सार्वजनिक कामे करावीत की करू नयेत, या वादात आपल्याकडे बरीच शाई खर्च होते. त्याहून कमी चर्चा होते ती सही झाल्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत हा करार सांभाळायचा कसा याची, आणि माझ्या मते बहुतेक नुकसान तेथेच होते. पण त्यासाठी आधी ही यंत्रणा चालते कशी, हे पाहिले पाहिजे.

नेहमीच्या पद्धतीत सरकार करातून किंवा कर्जातून पैसा उभा करते, निविदा काढते, ठेकेदार काम करतो, बिल घेतो आणि दोषदायित्वाचा काळ (कामात दोष निघाला, तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपला की, निघून जातो. पुढची डागडुजी सरकारची. दुसऱ्या पद्धतीत सरकार इमारत विकत घेतच नाही, तर इमारतीची सेवा विकत घेते. म्हणजे सरकारचे म्हणणे साधारण असे असते: आम्हाला पंचवीस वर्षे चालू स्थितीतली शाळा हवी आहे, ती कशी बांधायची ते तुम्ही ठरवा, पैसा तुम्ही उभा करा, शाळा उघडेपर्यंत आम्ही काही देणार नाही, उघडल्यावर दरवर्षी ठरलेली रक्कम देऊ, आणि ज्या दिवशी वर्ग वापरण्याजोगा नसेल त्या दिवसाचे पैसे कापू. हे काम घेणारे समूह सहसा या एकाच कामासाठी एक स्वतंत्र कंपनी स्थापन करतात. त्या कंपनीत मालकांचे भागभांडवल थोडे आणि बँकांचे कर्ज पुष्कळ असते. दहा रुपयांतले एक-दोन रुपये स्वतःचे आणि उरलेले उसने, हे प्रमाण विशेष नाही. बँकेला तारण म्हणून शाळा मिळत नाही, कारण शाळेचा लिलाव कोण करणार? तिचे तारण म्हणजे तो करार आणि त्यातून येणारा पैशाचा ओघ. म्हणूनच बँकेचे वकील या करारातला स्वल्पविरामसुद्धा तपासतात, आणि सरकारी बाजूने तितक्याच बारकाईने वाचणारा कोणी नसेल, तर पुढे काय होते, हे सांगायला नको.

ब्रिटनमध्ये ही पद्धत १९९२ साली अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी आणली. ती हुजूर पक्षाची कल्पना असली, तरी १९९७ नंतर मजूर पक्षाच्या सरकारने ती अधिक जोमाने वापरली. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या जानेवारी २०१८ च्या अहवालानुसार अशी ७०० हून अधिक कामे चालू होती, त्यांचे भांडवली मूल्य सुमारे ६० अब्ज पौंड होते, २०१६-१७ या एका वर्षात त्यांपोटी १०.३ अब्ज पौंड दिले गेले होते, आणि २०४० च्या दशकापर्यंत आणखी १९९ अब्ज पौंड द्यायचे बाकी होते. साठ अब्जांच्या वस्तूसाठी एकशे नव्याण्णव अब्ज, असे हे आकडे वर्तमानपत्री मथळ्यांत वापरले गेले, पण ती तुलना सरळ नाही, कारण मोठ्या रकमेत झाडलोट, दुरुस्ती, सुरक्षा अशा पंचवीस-तीस वर्षांच्या सेवांचे पैसेही आहेत. तरीही सगळा फरक झाडलोटीचा नव्हे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी या पद्धतीचे नवे करार यापुढे करणार नसल्याचे जाहीर केले. जुने करार अर्थातच चालू राहिले.

फरक कोठून येतो, हे एका सोप्या हिशेबाने पाहू. समजा, इमारतीला १०० कोटी रुपये लागतात आणि ते पंचवीस वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडायचे आहेत. सरकारला ७ टक्क्यांनी कर्ज मिळते, असे धरले, तर वर्षाचा हप्ता सुमारे ८.६ कोटी होतो. खासगी कंपनीचे कर्ज आणि मालकांच्या भांडवलावरचा अपेक्षित परतावा मिळून सरासरी ११ टक्के धरले, तर हप्ता सुमारे ११.९ कोटी होतो. वर्षाला सव्वातीन कोटींच्या वर, म्हणजे पंचवीस वर्षांत ऐंशी कोटींहून अधिक रकमेचा हा फरक आहे. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण दिशा बदलत नाही: सरकारपेक्षा स्वस्तात कर्ज कोणाला मिळत नसते. मग खासगी पद्धत परवडायची असेल, तर कंपनीने ते वर्षाचे सव्वातीन कोटी दुसरीकडे वाचवून दाखवले पाहिजेत; काम वेळेत संपवून, जास्त टिकाऊ बांधून, देखभालीचा खर्च कमी करून, आणि मुख्य म्हणजे ज्या जोखमी एरवी सरकारच्या गळ्यात पडतात, त्या स्वतः उचलून. ते घडले, तर जादा व्याज हा विम्याचा हप्ता ठरतो. ते घडले नाही, तर तो नुसताच जादा हप्ता.

सरकारांना तरी या पद्धतीचा मोह का पडतो, याचे एक कारण हिशेबाच्या वहीत आहे. स्वतः कर्ज काढले, तर ते सार्वजनिक कर्जात दिसते, वित्तीय तूट वाढते, प्रश्न विचारले जातात. कंपनीने कर्ज काढले आणि सरकारने फक्त वार्षिक रक्कम देण्याचे वचन दिले, तर ब्रिटनमध्ये पुष्कळ वर्षे ते सहसा राष्ट्रीय कर्जाच्या आकड्यात धरले जात नसे. भाड्याचे घर कर्जाच्या यादीत दिसत नाही, पण दर महिन्याच्या एक तारखेला दिसते. दुसरी चलाखी तुलनेच्या गणितात असते. वीस वर्षांनी द्यायच्या १०० रुपयांचे आजचे मोल ६ टक्के दराने काढले, तर ३१ रुपये येते आणि १० टक्क्यांनी काढले, तर १५ रुपयांच्या आत येते. म्हणजे दर थोडा चढा धरला की, भविष्यात पैसे द्यायची पद्धत आपोआप स्वस्त दिसू लागते. प्रकल्प अहवाल वाचताना मी आधी हाच दर शोधतो, आणि वाचकांनाही तोच सल्ला देईन.

पैसे शेवटी देतात दोनच जण: करदाता किंवा वापरणारा. शाळा, रुग्णालय, तुरुंग यांचे पैसे सरकार करातून देते. रस्ता, पूल, मेट्रो यांचे बहुधा वापरणाऱ्याकडून टोल किंवा भाड्याच्या रूपाने वसूल होतात. आपल्याकडे ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ म्हणजेच बीओटी या नावाने ही पद्धत घरोघरी माहीत आहे. मधला मार्गही आहे. केंद्र सरकारने २०१६ पासून महामार्गांसाठी आणलेल्या हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत ४० टक्के रक्कम सरकार बांधकाम चालू असतानाच देते, आणि उरलेली ठेकेदाराने गुंतवून नंतर पंधरा वर्षांत सहामाही हप्त्यांनी परत घ्यायची असते. रस्त्यावर गाड्या किती आल्या, याची चिंता ठेकेदाराला करावी लागत नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने याच पद्धतीत प्रमाण उलटे, म्हणजे साठ-चाळीस, ठेवले. ‘कंपनी पैसे घालणार आहे, सरकारला काही खर्च नाही’ असे कोणी व्यासपीठावरून सांगत असेल, तर तो वापरणाऱ्याला विसरला आहे किंवा पुढच्या पिढीच्या करदात्याला.

आता जोखमीकडे येऊ, कारण या सगळ्याचा गाभा तो आहे. नियम बोलायला सोपा आहे: जी जोखीम ज्याला आटोक्यात ठेवता येते, ती त्याने उचलावी. बांधकाम लांबले किंवा खर्च वाढला, तर ते ठेकेदाराने सोसावे. जमीन वेळेत ताब्यात देणे सरकारने सोसावे. कायदा बदलला, तर त्याचा भार कायदा करणाऱ्याने घ्यावा. पण कागदावर जोखीम दिली म्हणजे ती खरोखर गेली, असे होत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बहुतांश मार्गांच्या नूतनीकरणासाठी मेट्रोनेट नावाच्या समूहाशी २००३ मध्ये तीस वर्षांचे करार झाले. खर्चवाढीची मोठी जोखीम कंपनीची होती. चारच वर्षांत, जुलै २००७ मध्ये, कंपनी कोलमडली. मालकांचे ३५ कोटी पौंडांचे भांडवल बुडाले, पण बँकांचे फारसे काही गेले नाही, कारण कर्जाच्या ९५ टक्के रकमेची हमी सार्वजनिक संस्थेने आधीच दिलेली होती आणि ते कर्ज सरकारी तिजोरीतून फेडावे लागले. बँकेचे पैसे बुडण्याची शक्यताच नसेल, तर बँक कंपनीवर नजर कशाला ठेवील? ‘बँक तपासते म्हणून शिस्त येते’ हा या पद्धतीच्या बाजूचा सगळ्यात चांगला युक्तिवाद आहे, आणि त्या एका हमीने तो निकालात निघाला.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार केला. मंडळाने वीज उचलो न उचलो, प्रकल्पाच्या क्षमतेपोटीचा आकार द्यायचाच होता. दराचा मोठा भाग डॉलरशी जोडलेला होता आणि इंधनाच्या किमतीची चढउतारही मंडळाकडेच येत होती. त्या वेळी डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये तो ४७ च्या घरात गेला. मागणी, चलन आणि इंधन या तिन्ही जोखमी एकाच बाजूला, आणि ती बाजू अशी की जिला त्यांपैकी एकही आटोक्यात ठेवता येत नाही. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, पुन्हा वाटाघाटी करून चालू ठेवला, आणि मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणेच थांबवले. या प्रकरणाच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे; मला त्यातला हा जोखमीचा तक्ता जास्त बोलका वाटतो.

पण करार सांभाळणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका सगळ्यात उपयोगी आहे. वर्सोवा ते घाटकोपर, ११.४ किलोमीटर, १२ स्थानके. २००७ मध्ये पस्तीस वर्षांचा सवलत करार झाला; सवलत याचा अर्थ येथे सूट नव्हे, तर बांधून चालवण्याचा आणि भाडे घेण्याचा हक्क. त्यासाठी केलेल्या कंपनीत रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा वाटा ६९ टक्के, एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण या सरकारी संस्थेचा) २६ टक्के आणि फ्रान्सच्या व्हिओलिया समूहाचा ५ टक्के. प्रकल्प खर्च २,३५६ कोटी रुपये धरला होता, आणि नुसत्या भाड्यावर तो परवडत नसल्याने ६५० कोटी रुपये सरकारने व्यवहार्यता तफावत निधी म्हणून द्यायचे ठरले. म्हणजे ज्याला भाडे कमी ठेवायचे आहे, निधी द्यायचा आहे, कराराची अंमलबजावणी करून घ्यायची आहे, तेच एमएमआरडीए कंपनीत भागधारकही आहे. एका घरात सासू आणि वकील दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असाव्यात, तसे हे.

८ जून २०१४ रोजी गाडी धावली, ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा. खर्च चार हजार कोटींच्या वर गेला, असे कंपनीने सांगितले, आणि उशिराचे एक मोठे कारण मार्गाची जागा वेळेत न मिळणे हे असल्याचा दावा केला. हे खरे किती आणि खोटे किती, हे रोजच्या नोंदींवरून ठरते: कोणत्या खांबाची जागा कोणत्या तारखेला ताब्यात दिली, कोणती परवानगी कधी मागितली आणि कधी मिळाली, कोणी हरकत घेतली. त्या नोंदी त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सहीने झालेल्या असतील, तर वाद आठवड्यात मिटतो. नसतील, तर तो लवादापुढे वर्षानुवर्षे चालतो. २०२३ मध्ये लवादाचा निर्णय कंपनीच्या बाजूने लागला आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले.

भाड्याचे तसेच. करारानुसार भाडे अंतराप्रमाणे ९, ११ आणि १३ रुपये असावे, असे सरकारचे म्हणणे होते. कंपनीने १० ते ४० रुपयांचे दर जाहीर केले. मधल्या काळात केंद्राचा मेट्रो कायदा या मार्गाला लागू झाला होता, आणि सुरुवातीचे भाडे ठरवण्याचा अधिकार त्या कायद्याने मेट्रो चालवणाऱ्याला दिला होता. करार एक सांगतो आणि कायदा दुसरे, या फटीतून सगळा वाद आत शिरला. पुढे भाडे निश्चिती समितीने ११० रुपयांपर्यंतच्या भाड्याची शिफारस केली. ती उच्च न्यायालयात टिकली नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी वाटा सुमारे ४,००० कोटी रुपयांना विकत घ्यायचे ठरवले आणि जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला. गाडी मात्र रोज लाखो माणसांना घेऊन धावते आहे, आणि घाटकोपरच्या पुलावर सकाळी नऊ वाजता उभे राहणाऱ्याला या प्रकल्पाची गरज समजावून सांगावी लागत नाही. प्रकल्प यशस्वी आणि करार फसलेला, असे एकाच वेळी होऊ शकते.

टोलनाक्यावर नेहमी ऐकू येणारा प्रश्न असा: ‘रस्त्याचे पैसे कधीच वसूल झाले, मग अजून टोल कशाला?’ प्रश्न रास्त आहे, पण उत्तर बांधकामाच्या खर्चाशी संपत नाही. व्याज, देखभाल आणि परतावा धरूनच वसुली संपली की नाही ते कळते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाने स्वतः कर्ज काढून बांधला. कर्जाचा भार हलका करण्यासाठी २००४ मध्ये, जुन्या महामार्गासह, पंधरा वर्षांचे टोलचे हक्क आयआरबी समूहाच्या कंपनीला ९१८ कोटी रुपयांना देण्यात आले. ते संपल्यावर २०२० मध्ये दहा वर्षे दोन महिन्यांसाठी पुन्हा हक्क दिले गेले, तेव्हा किंमत ८,२६२ कोटी झाली. दोन आकडे शेजारी ठेवून लगेच घोटाळा म्हणणे घाईचे होईल. दरम्यान वाहने पुष्कळ वाढली, टोल दर तीन वर्षांनी १८ टक्क्यांनी वाढत गेला, आणि २००४ साली हा मार्ग इतका वाहील, याची खात्री कोणी दिली नसती. पण ज्या गोष्टीची खात्री नाही, ती एकरकमी विकताना जादा उत्पन्नात सरकारचा वाटा ठेवणारे कलम हवे, हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. अंदाजापेक्षा वसुली ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की, वरच्या रकमेची वाटणी व्हावी किंवा मुदत आपोआप कमी व्हावी. कमी पडली, तर मुदत थोडी वाढावी.

कोल्हापूरला तर टोलची गाठ वेगळीच होती. शहरांतर्गत सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचे काम, साधारण २२० कोटींचे, आणि त्यासाठी स्वतःच्या गावात शिरताना तीस वर्षे टोल. वापरणाऱ्याला दुसरा रस्ताच नसेल, तर टोल हा कर होतो, आणि तो कर सभागृहात न ठरता करारात ठरलेला असतो. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली ‘टोल देणार नाही’ म्हणत लोक रस्त्यावर आले, नाके जळाले, आणि अखेर टोल रद्द करून राज्य सरकारने कंपनीची भरपाई करायची असे ठरले. वापरणाऱ्याने दिले नाहीत, तर करदात्याने दिले. लोकांना आधी विचारणे हेही करार व्यवस्थापनच असते, ते कोणत्याही अभियांत्रिकी पाठ्यक्रमात नसले तरी.

रोजच्या व्यवहारात हे व्यवस्थापन कसे दिसते? समजा, रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया कक्षातले वातानुकूलन सकाळी ८.१० ला बंद पडले. परिचारिका मदतकक्षाला फोन करते. तेथे वेळ नोंदली जाते. कराराप्रमाणे अर्ध्या तासात माणूस पोहोचला पाहिजे आणि चार तासांत दुरुस्ती झाली पाहिजे, नाहीतर त्या कक्षाच्या वाट्याची त्या दिवसाची रक्कम कापली जाते. आता बघा, हा मदतकक्ष चालवते ती कंपनीच, तक्रार किती वाजता आली आणि किती वाजता मिटली, हे लिहिते तीच, आणि महिन्याच्या शेवटी स्वतःच्या चुकांचा दंड स्वतः काढून बिल पाठवते तीही तीच. रुग्णालयाच्या बाजूने ती नोंद उघडून, परिचारिकेला ‘खरेच बारा वाजता सुरू झाले का?’ असे विचारणारा एक माणूस नसेल, तर दंडाची सगळी कलमे शोभेची. तोच माणूस दोन वर्षांनी बदलून जातो, नवा येतो, आणि करार कपाटात कुठे आहे येथपासून सुरुवात होते. कंपनीच्या बाजूला मात्र तीच माणसे दहा-दहा वर्षे असतात. सल्लागारांना निविदेच्या वेळी कोट्यवधी देणारी सरकारे पुढच्या पंचवीस वर्षांसाठी दोन कायमची पदे निर्माण करायला का कचरतात, हे मला अजून उमगलेले नाही.

करार जितका पक्का, तितका तो वाकायला कठीण, हीही अडचण आहे. लिव्हरपूलमध्ये पार्कलँड्स नावाची शाळा याच पद्धतीने बांधली होती. मुलांची संख्या घटली, २०१४ मध्ये शाळा बंद झाली, आणि तरी रिकाम्या इमारतीपोटी परिषद वर्षाला सुमारे ४० लाख पौंड देत राहिली, कारण इमारत ‘उपलब्ध’ होती. मुले नव्हती, हा कंपनीचा दोष नव्हता. फायद्याच्या बाबतीत करार उलट फार लवचीक निघू शकतो. बांधकाम संपले की, जोखीम घटते, बँका कमी व्याजाने नवे कर्ज देतात आणि जुने फेडून मोठी रक्कम मोकळी होते. नॉर्फोक आणि नॉरिच रुग्णालयाच्या प्रकरणात २००३ मध्ये अशा पुनर्वित्तातून ११.६ कोटी पौंडांचा लाभ झाला आणि त्यातले सार्वजनिक संस्थेच्या वाट्याला ३.४ कोटी आले. नव्या करारांत असा लाभ निम्मा-निम्मा वाटण्याचा नियम ब्रिटनने २००२ मध्ये केला होता, पण हा करार त्याआधीचा होता.

आपल्याकडे २०१५ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या सगळ्याचा विचार केला. फार लहान कामांसाठी ही पद्धत वापरू नये आणि चालू कराराच्या फेरवाटाघाटीसाठी आधीच ठरलेली चौकट असावी, अशा तिच्या सूचना होत्या. फेरवाटाघाटीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. तीस वर्षांत परिस्थिती बदलणारच आणि करारही बदलावा लागणारच. पण चौकट नसेल, तर प्रामाणिक अधिकारी उद्याच्या चौकशीच्या भीतीने सही करत नाही आणि अप्रामाणिक अधिकारी सहज करतो.

उरला शेवट, आणि तो सगळ्यात दुर्लक्षित आहे. मुदत संपली की, इमारत किंवा रस्ता सरकारकडे परत येतो, पण कोणत्या स्थितीत? शेवटची तीन-चार वर्षे कंपनीला दुरुस्तीवर खर्च करण्यात काहीच फायदा नसतो. भाड्याचे घर सोडायला निघालेला भाडेकरू छताला डांबर लावत नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या लाटेतले करार आता संपत आले आहेत, आणि तेथील मार्गदर्शन असे की, हस्तांतराची तयारी मुदतीच्या सात वर्षे आधी सुरू करावी: मालमत्तेची स्वतंत्र तपासणी, दोषांची यादी, ते दुरुस्त होईपर्यंत देयकातून अडवून ठेवायची रक्कम, नकाशे आणि देखभालीच्या नोंदींचा ताबा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन कोण उचलणार, याचीसुद्धा व्यवस्था.

द्रुतगती मार्गाचे टोलचे हक्क ३० एप्रिल २०३० ला संपतात. सात वर्षांचा हिशेब लांब मुदतीच्या करारांसाठीचा असल्याने दहा वर्षांच्या कराराला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण काँक्रीटच्या तड्यांची, पुलांच्या सांध्यांची, घाटातल्या गटारांची आणि भाताणपासून कामशेतपर्यंतच्या बोगद्यांतल्या दिव्यांची व पंख्यांची मोजणी करायला एक पावसाळा तरी मधून जावा लागतो, आणि त्या तारखेच्या आधी आता मोजकेच पावसाळे उरले आहेत.